परदेशात वाढलेल्या मुलांचा भारतातील पदवीप्रवेश : तयारी नेमकी कुठून सुरू करावी?

ह्यूस्टनवासी (धागाकर्ती)

नमस्कार. आमची मुलगी ह्यूस्टनमध्ये जन्मली. पुढे काही वर्षांसाठी आम्ही पुण्याला परतलो तेव्हा मुलगा तिथे जन्मला, आणि तो तीन वर्षांचा असताना आम्ही पुन्हा टेक्सासला आलो. त्यामुळे मुलगी अमेरिकेची नागरिक असून तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) आहे, तर मुलाचा पासपोर्ट अजूनही भारतीय आहे, कारण ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा क्रमांक कधी लागेल हे सांगता येत नाही. मुलगी यंदा दहावीत आहे आणि मुलगा आठवीत.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी सहा आठवडे आजीआजोबांकडे राहून आली आणि परतल्यावर एके दिवशी जेवताना तिने विचारले की पदवीचे शिक्षण भारतात घेतले तर चालेल का. आम्ही दोघेही घास हातात धरून बसलो. इतकी वर्षे मुलांना इथल्या विद्यापीठांसाठी कसे घडवावे याचाच विचार केला होता. उलट्या दिशेचा प्रवास आमच्या हिशेबातच नव्हता. आम्ही दोघांनी बारावी महाराष्ट्रातून केली असली तरी ती पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आणि तेव्हाचे फारसे काही आता उरलेले दिसत नाही.

मुलगी मराठी सहज बोलते, अडखळत वाचते आणि लिहीत जवळजवळ नाही. अभ्यासात बरी आहे, परंतु स्पर्धा परीक्षा हा प्रकार तिने पाहिलेला नाही. सॅटचे, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशपरीक्षेचे, गुण भारतात चालतात का, शाळेत आताच कोणते विषय निवडावेत, कागदपत्रांची तयारी केव्हा सुरू करावी आणि मुख्य म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन जीवनासाठी तिच्या मनाची तयारी कशी करावी, याविषयी ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष तुडवला आहे त्यांनी कृपया लिहावे.

दाखलेबहाद्दर

माझी दोन्ही मुले सिंगापूरहून भारतात पदवीसाठी गेली, एक २०१९ मध्ये आणि दुसरे २०२२ मध्ये. मधल्या तीन वर्षांत नियम इतके बदलले होते की पहिल्या वेळचा अनुभव दुसऱ्या वेळी निम्मासुद्धा कामी आला नाही. म्हणून पहिली विनंती ही की कोणाच्याही अनुभवावर, माझ्याही, विसंबू नका. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचा.

अभ्यासाचा विषय थोडा बाजूला ठेवा. आधी मूल कोणत्या रकान्यात बसते ते ठरवा, कारण परीक्षा कोणती, जागा कोणत्या, शुल्क किती आणि ते रुपयांत की डॉलरमध्ये, हे सारे त्या रकान्यावर अवलंबून असते. रकाना तीन गोष्टींवरून ठरतो : पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, बारावी कोणत्या देशातून झाली आहे, आणि ओसीआय असल्यास कार्ड कोणत्या तारखेचे आहे. तुमच्या एकाच घरात दोन वेगळे रकाने आहेत, त्यामुळे मुलीसाठी केलेला अभ्यास मुलासाठी जसाच्या तसा वापरता येणार नाही.

कार्डाच्या तारखेबद्दल सविस्तर लिहितो, कारण ती बाब पुष्कळ पालकांना माहीत नसते. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नीट, जेईई मेन आणि जेईई ॲडव्हान्स्ड यांसारख्या परीक्षांनंतरच्या प्रवेशात ओसीआय विद्यार्थ्यांना केवळ एनआरआय जागा किंवा अधिसंख्य (म्हणजे ठरलेल्या जागांवर वाढीव) जागा खुल्या ठेवल्या आणि भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा बंद केल्या. त्यापूर्वीच्या अधिसूचनांमुळे ही मुले सर्वसाधारण जागांसाठीही भाग घेऊ शकत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की ही अधिसूचना पुढील काळासाठी लागू राहील. ज्यांनी ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड मिळवले होते त्यांचा आधीचा हक्क कायम राहील. तुमच्या मुलीचे पहिले कार्ड लहानपणीचे असेल तर ते कार्ड म्हणजे घरातला दागिना समजा. पुढे पासपोर्ट बदलला, कार्ड नव्याने काढले, तरी पहिल्या कार्डाची स्पष्ट प्रत जपून ठेवा. अशा मुलांना आयआयटीच्या प्रवेशात भारतीय नागरिकांच्या बरोबरीने, परंतु खुल्या प्रवर्गातून, भाग घेता येतो. ज्यांचे कार्ड त्या तारखेनंतरचे आहे त्यांच्यासाठी परदेशी नागरिकांच्या अधिसंख्य जागांचा मार्ग असतो, आणि बारावी परदेशातून केलेल्या परदेशी नागरिकांना जेईई मेन न देता थेट जेईई ॲडव्हान्स्डला बसता येते. हा शेवटचा भाग ऐकायला सोपा वाटतो; पेपर मात्र तोच असतो.

दुसरा मार्ग ‘डासा’चा, म्हणजे परदेशात शिकलेल्या विद्यार्थ्यांना एनआयटी, ट्रिपलआयटी आणि तत्सम केंद्रीय संस्थांत थेट प्रवेश देणाऱ्या योजनेचा. माझ्या थोरल्याच्या वेळी यासाठी सॅटच्या विषयवार परीक्षा धरल्या जात. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने त्या परीक्षा २०२१ मध्ये बंद केल्या आणि तेव्हापासून डासाचे प्रवेश जेईई मेनच्या गुणानुक्रमावर होतात. त्यामुळे ‘डासाला सॅट चालते’ हे वाक्य ज्या ज्या जुन्या लेखात दिसेल तो लेख तिथेच सोडून द्या. बारावीत किमान ६० टक्के गुण लागतात आणि शिक्षणशुल्क गेली काही वर्षे दर सत्राला ४,००० डॉलर आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांना डासासाठी शिक्षणाची किमान दोन वर्षे परदेशात झालेली असावी लागतात आणि पात्रता परीक्षाही परदेशातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे तुमच्या मुलाला उद्या कोणी ‘अकरावीलाच पुण्याला आणा, तयारी चांगली होईल’ असा सल्ला दिला तर त्या सल्ल्यामुळे हे दार बंद होईल.

मात्र मुलाला आणखी एक दार आहे. जेईई मेनमधून एनआयटीच्या नेहमीच्या जागांसाठी जाताना, बारावी परदेशात केलेल्या भारतीय नागरिकाचे राज्य त्याच्या पासपोर्टवरील भारतातील कायमच्या पत्त्यावरून ठरते. एनआयटीमध्ये निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. पासपोर्टवर पुण्याचा पत्ता असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीत तो महाराष्ट्राचा विद्यार्थी म्हणून धरला जाईल. पत्ता दिल्लीच्या भाड्याच्या घराचा असेल तर नाही. नूतनीकरण करताना हे ध्यानात असू द्या.

कागदपत्रांपैकी सर्वांत जास्त मनस्ताप देणारे कागद नावाचे असतात. आपल्याकडे आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम. परदेशी शाळेत मधले नाव गाळलेले किंवा एका अक्षरापुरते उरलेले. पासपोर्टवर तिसरीच तऱ्हा. माझ्या धाकट्याच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव नव्हते आणि पासपोर्टवर होते, एवढ्यावरून प्रवेशाच्या दिवशी एका संस्थेच्या खिडकीवर आम्हांला प्रतिज्ञापत्र करून आणायला पाठवले गेले, आणि त्या दिवशी नेमकी नोटरीकडे लग्नाच्या नोंदणीची गर्दी होती. दहावीतच शाळेच्या दप्तरी पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लावून घ्या.

ह्यूस्टनवासी

दाखलेबहाद्दर, मनापासून आभार. मुलीचे कार्ड ती वर्षभराची असताना, पुण्याला जाण्याआधी काढले होते, म्हणजे ते २०२१ च्या बरेच आधीचे आहे. मूळ कार्ड कुठे आहे ते मात्र शोधावे लागेल. तुमचा प्रतिसाद वाचून नवऱ्याने मुलाचा पासपोर्ट उघडला. पत्ता सासूबाईंच्या घराचा निघाला.

वाळवंटातली

आमच्याकडे मस्कतला चित्र थोडे वेगळे आहे, आणि आखातातील पालक हा धागा वाचत असतील म्हणून लिहिते. डासामध्येच आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी सीआयडब्ल्यूजी असा उपप्रकार आहे. त्यासाठी डासाच्या जागांचा एक तृतीयांश वाटा राखलेला असतो आणि शिक्षणशुल्क भारतातील विद्यार्थ्यांइतकेच पडते. पालक आखातात नोकरीवर असल्याचा दाखला मालकाकडून आणावा लागतो, आणि इथल्या नोकऱ्यांची खात्री काय ते आपण सारे जाणतो. आमच्या ओळखीत एका घरी मुलाच्या बारावीच्या वर्षातच वडिलांची नोकरी गेली आणि सगळे गणित कोलमडले. म्हणून केवळ या एका प्रकारावर भिस्त ठेवू नये.

आखातातील बहुतेक भारतीय शाळा सीबीएसईच्या असल्याने अभ्यासक्रमाचा प्रश्न आम्हांला येत नाही, परंतु त्यामुळे एक खोटा निर्धास्तपणा मात्र येतो. शाळेच्या परीक्षेत ९५ टक्के मिळवणारा माझा मुलगा जेईई मेनच्या पहिल्या सराव परीक्षेत ३०० पैकी ७१ वर थांबला. त्याला येत नव्हते असे नाही. ७५ प्रश्न, तीन तास, प्रत्येक चुकीला एक गुण वजा, आणि कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे ठरवण्याची सवय नाही, अशी ती अडचण होती. शाळेने त्याला आयुष्यभर एकही प्रश्न न सोडण्याचे वळण लावले होते. ते वळण मोडायला चार महिने लागले.

दाखल्यांच्या बाबतीत आणखी एक. भारत २००५ पासून ॲपोस्टिल कराराचा, म्हणजे एका देशाचा दाखला एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य आहे, आणि ओमानही सदस्य असल्याने आमचे काम एका शिक्क्यात झाले. संयुक्त अरब अमिराती मात्र सदस्य नाही. तिथल्या शाळेचे दाखले तिथल्या मंत्रालयांकडून आणि मग भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात. माझ्या दुबईच्या नणंदेने हे काम परीक्षेनंतर करू म्हणून ठेवले, आणि त्याच सुमारास नणंदोईंची बदली झाली. देश सोडल्यानंतर ते शिक्के मिळवणे किती कठीण असते ते तिलाच विचारावे. कॅनडावाल्यांनी लक्षात घ्यावे की तो देश जानेवारी २०२४ पासून या करारात आला आहे, त्यामुळे तिथे आधीच्या पद्धतीचे सल्ले आता लागू पडत नाहीत.

लंडनची पाहुणी

ब्रिटनमधील पालकांनी दिनदर्शिका आधी पाहावी. ए-लेव्हलचे, म्हणजे तिथल्या बारावीचे, निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतात. तोपर्यंत भारतातील बहुतेक प्रवेशफेऱ्या संपत आलेल्या असतात आणि कित्येक ठिकाणी वर्ग सुरू झालेले असतात. आमच्या मुलीला एका खासगी विद्यापीठाने शाळेने वर्तवलेल्या गुणांवर तात्पुरता प्रवेश दिला, पैसे भरून घेतले आणि मग जुलैअखेर मूळ गुणपत्रिका मागितली, जी जगात कोणाकडेच नव्हती. पत्रव्यवहार करता करता ऑगस्ट उजाडला. शेवटी तिने एक वर्ष थांबून पुढच्या वर्षी हाती निकाल घेऊनच अर्ज केला आणि ते वर्ष वाया गेले असे आज तिला वाटत नाही, परंतु तो निर्णय आम्ही स्वखुशीने घेतला असता तर अधिक बरे झाले असते. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतात, त्यामुळे त्या मुलांची ओढाताण कमी होते.

शिवाय ए-लेव्हलला मुले तीन विषय घेतात, तर भारतात अनेक ठिकाणी इंग्रजीसह पाच विषय पाहिले जातात. अशा वेळी जीसीएसईची, म्हणजे तिथल्या दहावीची, प्रमाणपत्रे सोबत जोडून भारतीय विद्यापीठ संघाकडून, म्हणजे एआययूकडून, समकक्षता प्रमाणपत्र घ्यावे लागते. जीसीएसई झाली म्हणून ती प्रमाणपत्रे माळ्यावर टाकू नका.

खडूफळा

मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रथम वर्षाला गणित शिकवते आणि दरवर्षी माझ्या वर्गात तीनचार मुले परदेशातून आलेली असतात. प्रवेशाविषयी वर पुरेसे लिहिले गेले आहे. प्रवेशानंतर पहिल्या सत्रात ही मुले कुठे अडतात, त्याविषयी लिहिते, कारण त्याची तयारी दहावीतच सुरू करता येते.

पहिली अडचण हाताची आहे, आणि हे मी गमतीने लिहीत नाही. लॅपटॉपवर लिहून मोठ्या झालेल्या मुलांना तीन तास पेनाने उत्तरपत्रिका लिहिता येत नाही. दीड तासानंतर बोटे दुखतात आणि अक्षर कोसळते. उत्तर येत असूनही पुरवण्या कोऱ्या राहतात. दुसरी अडचण गणकयंत्राची. जेईईसारख्या परीक्षांत गणकयंत्र चालत नाही, आणि अमेरिकी शाळांत आलेख काढणाऱ्या यंत्राची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की साधा अपूर्णांकांचा गुणाकारही मुलांना ओझे वाटतो. घरी रोज अर्धा तास कागदावर आकडेमोड करण्यास आतापासून लावा. कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही.

अभ्यासक्रमाविषयी : अमेरिकेत बहुधा एका वर्षी जीवशास्त्र, पुढच्या वर्षी रसायनशास्त्र, त्यानंतर भौतिकशास्त्र असे विषय येतात, तर भारतात अकरावी-बारावीची दोन्ही वर्षे हे विषय समांतर आणि खोलवर चालतात. एपी, म्हणजे अमेरिकी शाळांतील महाविद्यालयीन पातळीच्या, अभ्यासक्रमांनी ही दरी बरीच बुजते, परंतु पूर्ण नाही. एपी कॅल्क्युलस बीसी केलेले मूल कलनात आपल्या मुलांच्या तोडीस तोड असते, आणि तेच मूल शांकव किंवा सदिशांच्या प्रश्नाला येऊन थबकते. एपी रसायनशास्त्रात सेंद्रिय रसायन जवळजवळ नाहीच, आणि जेईईत त्या भागाला मोठे स्थान आहे. एपी भौतिकशास्त्र सी घेतले तर यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व पक्के होते, पण प्रकाशशास्त्र, उष्मागतिकी आणि आधुनिक भौतिकी स्वतंत्रपणे करावी लागते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ती समोर ठेवून काय झाले आणि काय राहिले याची खूण मुलाने स्वतः करावी. ज्यांना वैद्यकीयकडे जायचे आहे त्यांनी ही पुस्तके ओळ न ओळ वाचावीत, कारण नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे गुण जीवशास्त्राचे आहेत आणि तिथे पुस्तकाबाहेरचे फारसे काही विचारले जात नाही. नीट मे महिन्याच्या सुरुवातीला असते, आणि एपी परीक्षाही त्याच पंधरवड्यात येतात, हे वेळापत्रक आखताना विसरू नये.

आता शिकवण्यांविषयी. अकरावीपासून भारतात आणून नावापुरत्या महाविद्यालयात दाखल करायचे आणि दिवसभर शिकवणीवर्गात बसवायचे, ही पद्धत मला स्वतःला घातक वाटते. जे मूल इथे वाढले आहे तेसुद्धा त्यात पिचून जाते. सतराव्या वर्षी देश, घर, मित्र आणि शाळा एकदम सुटलेल्या मुलाला त्या वर्गात बसवणे मला क्रूरपणाचे वाटते. शिवाय महाराष्ट्रातील सीईटी प्रवेशात दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेल्यांचा पहिला प्रकार असतो, त्यात दहावी परदेशात झालेले मूल बसतच नाही. भारतीय नागरिकत्व असेल तर पालकांच्या अधिवास दाखल्यावर दुसऱ्या प्रकारातून जाता येते, परंतु तेवढ्यासाठी घाईघाईने मूल उचलून आणण्याची गरज नाही.

शंकेखोर

विषयाला धरूनच विचारतो. ज्या मुलांना अमेरिकेत राज्य विद्यापीठात निवासी विद्यार्थ्याच्या शुल्कात शिकता येते, त्यांना इतक्या खटाटोपाने भारतात का पाठवावे? मुलांची हौस, की आईवडिलांचे गावाकडे अडकलेले मन?

परतपक्षी

शंकेखोर यांचा प्रश्न मला दर आठवड्याला एकदा तरी विचारला जातो, म्हणून उत्तर मीच देते. मी सिॲटलजवळ वाढले आणि सध्या पुण्यात एका खासगी विद्यापीठात मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात आहे. माझ्या बाबतीत हौस माझी होती आणि अडकलेले मन बाबांचे होते. दोन्ही एकाच दिशेला होती, एवढाच योग. परंतु माझ्या वसतिगृहात अशाही मुली आहेत ज्यांना पाठवले गेले आहे, ‘तिकडे बिघडेल’ या भीतीने. त्या दारे लावून अमेरिकेच्या वेळेनुसार जागतात, इथे त्यांची एकही मैत्रीण नाही. ह्यूस्टनवासीताई, तुमच्या मुलीने स्वतःहून विचारले, यातच तुमचे अर्धे काम झाले आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तिला एकदा जून-जुलैत नव्हे तर महाविद्यालय चालू असताना आणा. सुट्टीतले पुणे म्हणजे आमरस आणि मावश्या. नोव्हेंबरमध्ये आणून एखाद्या ओळखीच्या मुलीबरोबर दोन दिवस वर्गात, कॅन्टीनमध्ये, बसमध्ये फिरू द्या.

मला जे कोणीही आधी सांगितले नव्हते ते सांगते. इथली एक स्वतंत्र भाषा असते आणि ती ना इंग्रजी पुस्तकात सापडते ना आजीच्या मराठीत. केटी लागणे म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊन तो पुढच्या सत्रात सोबत ओढत नेणे. सबमिशन म्हणजे सत्राअखेरीस सगळी जर्नले एकदम पूर्ण करून सह्या घेत फिरणे. डिफॉल्टर यादी म्हणजे ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची सूचनाफलकावरची नावे. माझे नाव पहिल्याच सत्रात त्यात होते, कारण हजेरी घेतली जाते हेच मी गांभीर्याने घेतले नव्हते. एक्स्टर्नल म्हणजे तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक, आणि त्यांच्यासमोर ‘मला माहीत नाही’ एवढे म्हणून शांत बसणे उद्धट समजले जाते, हे मी स्वतःच्या गुणांची किंमत मोजून शिकले.

शिक्षकांना नावाने हाक मारण्याची सवय मोडावी लागते. ‘सर’, ‘मॅडम’ याशिवाय वाक्य सुरू होत नाही. पण एक गोष्ट मला फार आवडली : अडचण आली की शिक्षक त्यांच्या घरचा चहा पाजून समजावून सांगतात, त्यासाठी आधी वेळ मागावी लागत नाही.

मराठी लिहिता आले नाही तर अभ्यासात काही अडत नाही, कारण बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजीच असते. अडते ते बँकेत, रेशनिंगच्या रांगेसारख्या दिसणाऱ्या कार्यालयांत आणि मेसच्या काकूंशी बोलताना. माझे मराठी ऐकून लोक हसत, पण त्या हसण्यात कुत्सितपणा क्वचितच असे. ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांत मात्र मी पहिले वर्षभर घोळ घातला. रिक्षावाल्या काकांना ‘तू कुठे चाललास’ असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘बाळा, तू सांगशील तिथे.’

शंकेखोर

पटले. आता शंका नाही. मेसच्या काकूंना नमस्कार.

ह्यूस्टनवासी

सर्वांचे प्रतिसाद आम्ही चौघांनी एकत्र बसून वाचले. मुलीने स्वतः वाचले, अडखळत, पण शेवटपर्यंत. परतपक्षी यांच्या रिक्षाच्या प्रसंगावर ती खूप हसली आणि नंतर गंभीरपणे म्हणाली की या सगळ्यात अभियांत्रिकी आणि वैद्यकीय सोडून कोणी काही बोलतच नाही. तिला वास्तुशास्त्रात, म्हणजे इमारती बांधण्याच्या शास्त्रात, रस आहे. पुण्याच्या वाड्यांची चित्रे काढत ती सहा आठवडे फिरली होती, आणि ते आम्हांला छंद वाटले होते. जेईईच्या पुस्तकांची मागणी नोंदवण्याआधी हे तिने सांगितले, हे आमचे नशीब. या शाखेसाठी काय करावे?

खडूफळा

वास्तुकलेची वाट बरीच वेगळी आहे आणि तुमच्या मुलीला ती अधिक मानवेल असे वाटते. बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी वास्तुकला परिषदेची नाटा ही परीक्षा असते, आणि केंद्रीय संस्थांसाठी जेईई मेनचा स्वतंत्र वास्तुकलेचा पेपर असतो, ज्यातील चित्रकलेचा भाग आजही कागदावर हाताने काढावा लागतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र ठेवायलाच हवे. चित्रकला येते म्हणून गणित सोडले, असे करणारी मुले मला दरवर्षी भेटतात. मुंबईचे सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय १९१३ पासूनचे आहे आणि पुण्यातही चांगल्या संस्था आहेत, परंतु कोणत्या संस्थेत एनआरआय किंवा अधिसंख्य जागा किती, हे प्रत्येकीच्या पुस्तिकेतच पाहावे लागेल.

तिला आतापासून रोज एक रेखाचित्र काढू द्या, पट्टी न वापरता, आणि प्रत्येकावर तारीख घालायला सांगा. दोन वर्षांनी प्रवेशासाठी त्याचा उपयोग होवो न होवो, हाताला होईल; तीन तासांच्या लेखी परीक्षेलासुद्धा.

दाखलेबहाद्दर

यात एक भर घालतो. पदवीनंतर काय, हा प्रश्न आज लांबचा वाटेल, पण ओसीआय मुलांसाठी विचारून ठेवावा. वकील, डॉक्टर आणि सनदी लेखापाल यांच्याप्रमाणे वास्तुविशारदांनाही १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली भारतात व्यवसाय करण्याच्या बाबतीत ओसीआयधारकांना एनआरआयच्या बरोबरीचे स्थान दिलेले आहे, आणि ते २०२१ च्या अधिसूचनेतही टिकले आहे. म्हणजे शिकून झाल्यावर तिला तिथेच वाड्यांवर काम करावेसे वाटले तर अडथळा नाही. व्हिसाचीही कटकट नसते. ओसीआय नसलेल्या परदेशी विद्यार्थ्याला विद्यार्थी व्हिसा काढून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते, ती तिला लागणार नाही. दाखल्यावर शिक्का मात्र टेक्सास राज्याच्या सचिव कार्यालयाचा ॲपोस्टिल असेल याकडे लक्ष द्या. दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तरी शाळा जिथली तिथलाच शिक्का लागतो.

मूळ कार्ड सापडले का?

ह्यूस्टनवासी

आत्ताच सासूबाईंशी बोलणे झाले. कार्ड त्यांच्या बँकेतल्या लॉकरमध्ये, माझ्या मंगळसूत्राच्या डबीत आहे. दाखलेबहाद्दर त्याला दागिना म्हणाले होते हे त्यांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की म्हणूनच तर तिथे ठेवले होते. सोमवारी बँक उघडली की त्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवणार आहेत, आणि मुलीने त्यांना शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचाही फोटो मागितला आहे, चित्र पुरे करायचे राहिले होते म्हणून.